भाड्याच्या घराचा व्यवस्थापक बदलताना भाडेकरूंना काय, कधी आणि कसं सांगावं : सोलापुरातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

घर सोलापुरात आणि मालक नोकरीनिमित्त पुण्यात किंवा हैदराबादला, असं आता जुळे सोलापूरपासून साखर पेठेपर्यंत सगळीकडे दिसतं. घराची देखभाल, भाडेवसुली, दुरुस्ती हे सगळं इथला कुणी नातेवाईक, ओळखीचा माणूस किंवा पगारी व्यवस्थापक पाहतो. हा माणूस बदलायची वेळ आली की मालक किल्ल्या, हिशेब, बँक खातं यांचा विचार करतात आणि भाडेकरूला कळवायचं शेवटावर ठेवतात. तिथेच गोंधळ सुरू होतो. मालक आणि भाडेकरू, दोघांकडून आम्हाला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

मालक तोच, घर तेच. फक्त सांभाळणारा बदलतोय. भाडेकरूला सांगायची एवढी घाई कशाला?

कारण तुमच्या व्यवस्थापकाचे अधिकार तुम्ही काढून घेतलेत, हे भाडेकरूला कळेपर्यंत त्याच्यापुरते ते अधिकार चालूच असतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०८ मध्ये हे स्पष्ट आहे. प्रतिनिधीचा अधिकार संपल्याचं तिसऱ्या व्यक्तीला कळतं तेव्हापासूनच तिच्या बाबतीत तो संपतो.

समजा, तुम्ही ३१ मेला जुन्या माणसाला काम थांबवायला सांगितलंत. भाडेकरूला कुणीच काही बोललं नाही. ५ जूनला त्यानं नेहमीप्रमाणे ८,००० रुपये त्याच माणसाच्या हातात ठेवले आणि पावती घेतली. भाडेकरूचं भाडं भरलं गेलं. ते पैसे जुन्या माणसाकडून वसूल करणं हे तुमचं काम आहे. भाडेकरूकडे दुसऱ्यांदा मागता येणार नाहीत, आणि मागूही नयेत.

म्हणून आधी भाडेकरूला कळवा, मग बाकीची आवराआवर करा.

हे भाडेकरूला कुणी सांगायचं? नवा व्यवस्थापक जाऊन सांगेल ना?

मालकानं स्वतः सांगायचं. नव्या माणसानं दारात येऊन "आजपासून भाडं माझ्याकडे द्या" म्हणणं भाडेकरूच्या नजरेतून पाहा. त्यानं या माणसाला कधी पाहिलेलं नसतं. अशा वेळी जो भाडेकरू पैसे द्यायला नकार देतो, तो शहाणा आहे.

योग्य क्रम असा : आधी मालकाचा फोन, मागोमाग मालकाच्या सहीचं पत्र, आणि त्यानंतर नव्या व्यवस्थापकाची प्रत्यक्ष भेट. जुना माणूस चांगल्या मनानं काम सोडत असेल तर भेटीला त्यालाही बरोबर घ्या. "अण्णा, पुढच्या महिन्यापासून हे बघतील, माझ्यासारखंच समजा," हे एक वाक्य त्याच्या तोंडून आलं की भाडेकरूची निम्मी काळजी तिथेच मिटते.

किती दिवस आधी कळवावं?

निदान पंधरा दिवस. महिना असेल तर उत्तम. आमचा आग्रह असा की बदल महिन्याच्या १ तारखेलाच करावा, म्हणजे कुठलं भाडं कुणाकडे, हा प्रश्नच राहत नाही. मध्येच १२ किंवा १७ तारखेला बदल केला की दोघांचेही हिशेब विस्कटतात.

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत हे काम काढू नका. गड्ड्याच्या दिवसांत घरोघरी पाहुणे असतात, लोकांचं लक्ष दुसरीकडे असतं आणि तुमचं पत्र टीव्हीवर पडून राहतं.

पत्रात नेमकं काय लिहावं?

थोडक्यात, पण एकही मुद्दा न गाळता. आम्ही वापरतो तो मजकूर असा आहे :

"श्री./श्रीमती ______ यांस,

विजापूर रोडवरील आमच्या इमारतीतलं पहिल्या मजल्यावरचं २ क्रमांकाचं घर आपल्याकडे भाड्यानं आहे. १ तारखेपासून या घराची देखभाल आणि भाडेवसुली ______ पाहतील. त्यांचा मोबाइल नंबर ______. आजवर हे काम पाहणारे ______ यांच्याकडे या महिनाअखेरीनंतर भाडं देऊ नये. तोपर्यंत त्यांना दिलेलं आणि पावती घेतलेलं भाडं मला पोचलं आहे, असं मी मान्य करतो.

आपली अनामत ______ रुपये जमा आहे. ती परत करण्याची जबाबदारी माझी आहे. करारातलं भाडं, मुदत आणि अटी यांत काहीही बदल नाही. भाडं पूर्वीच्याच तारखेला ______ या खात्यावर भरावं. खात्री करायची असल्यास मला माझ्या नेहमीच्या नंबरवर फोन करावा."

खाली मालकाची सही आणि तारीख. दुसऱ्या प्रतीवर भाडेकरूची पोच घ्या. अनामतीचं वाक्य बरेच मालक गाळतात. भाडेकरू पत्रात सर्वांत आधी तेच शोधतो, त्यामुळे ते गाळू नका.

जुन्या माणसाला का काढलं, हे पत्रात लिहायचं कारण नाही. पैशांची अफरातफर झाली असली तरीही नाही. सिद्ध न झालेला आरोप दहा घरांत लेखी वाटणं तुमच्याच अंगलट येऊ शकतं.

व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर चालत नाही का?

मेसेज जरूर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. ग्रुपवर टाकलेला मेसेज अनेकजण उघडतच नाहीत, आणि "मला कळलंच नाही" म्हणणाऱ्या भाडेकरूला कळलं होतं हे दाखवायची वेळ आली तर हातात सहीची पोच असलेली बरी. भाडेकरू गावाला गेला असेल किंवा पोच द्यायला टाळत असेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. पूर्वीचं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे.

आमचे भाडेकरू पूर्व भागात राहतात. काहीजणांना मराठी वाचायला अवघड जातं. काय करावं?

अशोक चौक, दाजी पेठ, भद्रावती पेठ, नीलम नगर या बाजूला घरात तेलुगू बोलणारी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. शहरात कन्नड आणि उर्दू बोलणारी घरंही भरपूर. बहुतेकांना मराठी बोलता येतं, पण बोलता येणं आणि सहीचं पत्र वाचून समजणं यात फरक आहे. पत्र मराठीत असू द्या आणि त्यांच्या भाषेत तोंडी समजावून सांगणारं कुणीतरी बरोबर न्या. नवा व्यवस्थापक निवडतानाच त्याला तेलुगू किंवा कन्नड येतं का, हे विचारलं तर पुढची पुष्कळ डोकेदुखी वाचते.

दुसरी गोष्ट म्हणजे घरातल्या बाईला सांगितल्याशिवाय परत येऊ नका. विड्या वळून किंवा शिलाईकाम करून घर चालवणाऱ्या कितीतरी बायका आहेत. भाड्याचे पैसे बाजूला त्याच काढतात आणि भाडं न्यायला आलेल्या माणसाच्या हातातही त्याच देतात. करारावर सही नवऱ्याची असते म्हणून फक्त त्याला फोन करायचा आणि मावशींना काहीच माहीत नाही, असं झालं तर पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा जुन्याच माणसाकडे जातील. काही कुटुंबं आठवड्याच्या पगारावर चालतात आणि भाडं दोन हप्त्यांत देतात. जुन्या माणसाला हे ठाऊक असतं, नव्याला नसतं. अशी चालत आलेली सवलत पुढे चालू राहणार का, ते त्याच भेटीत सांगून टाका.

मी भाडेकरू आहे. "नवीन मॅनेजर बोलतोय, या क्यूआर कोडवर भाडं टाका" असा मेसेज आला. खरा कसा समजायचा?

पैसे लगेच पाठवू नका. मालकाचा जो नंबर तुमच्याकडे आधीपासून आहे, किंवा करारावर छापलेला आहे, त्यावर फोन करा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री होत नाही, कारण फसवणारा माणूस स्वतःचाच नंबर देईल. मालकाशी बोलणं होईपर्यंत भाडं दोन दिवस उशिरा गेलं तरी बिघडत नाही. फक्त "भाडं तयार आहे, कुणाकडे द्यायचं ते कळवा," असा एक मेसेज मालकाला करून ठेवा. खातं मालकाच्या नावाचं आहे की दुसऱ्याच, हे यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं तिथे पाहा.

मालकांनीही लक्षात घ्यावं, चौकशी करणाऱ्या भाडेकरूवर चिडायचं नाही. तो तुमचेच पैसे सांभाळतोय.

डिपॉझिट जुन्या व्यवस्थापकाकडे आहे. भाडेकरू आता आमच्याकडे मागतोय. जबाबदारी कुणाची?

तुमची. तुमच्या वतीनं काम करणाऱ्या माणसानं तुमच्या घरासाठी अनामत घेतली, तर ती तुम्हीच घेतल्यासारखी आहे. ती त्यानं तुमच्यापर्यंत पोचवली की नाही, हा तुमच्या दोघांमधला हिशेब. करार अधिनियमाच्या कलम २१३ नुसार मागणी केल्यावर हिशेब देणं प्रतिनिधीवर बंधनकारक आहे. तेव्हा हिशेब लेखी मागा. पण त्या भांडणात भाडेकरूला लटकवू नका.

रकमेबद्दल घोळ असतो तो रोखीच्या व्यवहारांत. करारात १५,००० लिहिलेले असतात आणि भाडेकरू म्हणतो, २५,००० दिले. पत्र देण्याआधीच प्रत्येक भाडेकरूला विचारा : अनामत किती दिली, कधी, रोख की खात्यावर, पावती आहे का. हे उत्तर जुन्या माणसाच्या वहीशी ताडून पाहा. फरक निघाला तर तो आजच निघालेला बरा. घर सोडायच्या दिवशी, सामान टेम्पोत चढवताना, हा वाद फार कडू होतो.

जुन्या व्यवस्थापकानं भाडेकरूंना तोंडी काय काय कबूल केलंय, आम्हाला माहीत नाही.

हे जवळजवळ प्रत्येक घरात असतं. "दिवाळीला रंग देऊ", "गाडी आतल्या बोळात लावा", "बाथरूमचं गळणं पावसाळ्याआधी काढतो". करारात यातलं काहीच नसतं, पण भाडेकरूच्या लेखी तो मालकाचाच शब्द असतो.

पत्रासोबत एक कोरा कागद द्या आणि भाडेकरूला चार गोष्टी लिहायला सांगा : भाडं कोणत्या महिन्यापर्यंत भरलंय, अनामत किती, कोणती दुरुस्ती राहिली आहे, आणि आधीच्या माणसानं काय कबूल केलं होतं. त्यातलं सगळंच मान्य केलं पाहिजे असं नाही. पण काय पाळणार आणि काय नाही, हे नव्या व्यवस्थापकाच्या पहिल्याच महिन्यात सांगा. एखादी जुनी, लहानशी दुरुस्ती लगेच करून द्या. गळका नळ बदलला की नव्या माणसावर जो विश्वास बसतो, तो पत्रानं बसत नाही.

आजवर घर आमचे मामा पाहायचे. त्यांचं वय झालंय. त्यांना न दुखावता हे कसं करायचं?

हा प्रश्न कायद्याचा नाही, पण आमच्याकडे सर्वांत जास्त येतो. वीस-वीस वर्षं एक पैसा न घेता भाचरांचं घर सांभाळणारी माणसं या शहरात आहेत. त्यांना भाडेकरूच्या तोंडून कळावं की आपलं काम काढून घेतलं, ही फार वाईट गोष्ट आहे. ते होऊ देऊ नका.

आधी मामांशी समोर बसून बोला, फोनवर नको. जमलं तर भाडेकरूंना कळवण्याचा पहिला शब्द त्यांच्याच तोंडून जाऊ द्या. पत्रात "यांनी आजवर आमच्या घराची काळजी घेतली" हे एक वाक्य घाला. खरं असेल तर नक्कीच घाला. आणि मग सीमारेषा स्पष्ट ठेवा : १ तारखेनंतर मामा भाडं घेणार नाहीत, सवलत देणार नाहीत, नवा भाडेकरू ठरवणार नाहीत. दोन माणसांकडून दोन उत्तरं मिळू लागली की भाडेकरू आपल्याला सोयीचं उत्तर धरतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

पाण्याचं काय सांगावं?

सोलापुरात हा प्रश्न भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे. नळाला रोज पाणी येईल असं इथे कुणी गृहीत धरत नाही. वर्षानुवर्षं काही दिवसांच्या अंतरानं पाणी येण्याची सवय आहे. त्यामुळे पाणी येण्याच्या दिवशी मोटर कोण लावतं, खालच्या हौदातून वरच्या टाकीत कधी चढवतं, बोअरचा व्हॉल्व्ह कुठे आहे, टँकर कुणाला सांगायचा आणि त्याचे पैसे कसे वाटले जातात, ही सगळी व्यवस्था जुन्या माणसाच्या डोक्यात असते. तो गेला की ती त्याच्याबरोबर जाते. मग पाणी येऊन जातं, टाकी कोरडी राहते आणि चार कुटुंबं नव्या व्यवस्थापकावर पहिल्याच आठवड्यात भडकतात.

काम बदलण्याआधी एक पाण्याचा दिवस जुन्या आणि नव्या माणसानं एकत्र काढावा. कोणत्या वेळी नळ सुरू झाला, मोटर किती वेळ चालवली, कोणत्या मजल्याला पाणी कमी चढतं, हे नव्या माणसानं डोळ्यांनी पाहावं आणि वहीत लिहावं. भाडेकरूंना दिलेल्या कागदावर "पाण्यासाठी फोन कुणाला" ही ओळ वेगळी असू द्या. रात्री अकराला मोटर बंद पडली तर मालकाला पुण्यात उठवून उपयोग नसतो.

आणखी एक. भाडं थकलं म्हणून, किंवा भाडेकरू नव्या माणसाला मानत नाही म्हणून, पाणी किंवा वीज तोडणं अजिबात चालणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार अत्यावश्यक सेवा तोडायला किंवा रोखायला मनाई आहे. जिन्यातला दिवासुद्धा त्यात येतो. नव्या व्यवस्थापकाला हे पहिल्या दिवशीच बजावून सांगा.

नवा माणूस आला म्हणजे भाडेकरार नव्यानं करावा लागतो का?

नाही. करार मालक आणि भाडेकरू यांच्यात असतो. दोघे तेच असतील तर नोंदवलेला करार मुदत संपेपर्यंत तसाच चालतो. पण या निमित्तानं फाइल उघडून पाहा. करार नोंदवलेलाच नसेल, तर १९९९ च्या अधिनियमातलं कलम ५५ नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकतं. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. नव्या व्यवस्थापकानं पुढचे करार तुमच्या वतीनं सही करावेत असं वाटत असेल तर त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र लागेल. त्यासाठी वकिलाकडे जा.

वाड्यात पन्नास वर्षांपासूनचे भाडेकरू आहेत. भाडं अगदी किरकोळ आहे. त्यांनाही कळवायचं?

त्यांना तर सर्वांत आधी. जुन्या पेठांतल्या वाड्यांत भाडेकरूच्या घरी पावत्यांचा गठ्ठा पत्र्याच्या पेटीत जपलेला असतो. भाडं ६० रुपये असेल, पण ती पावती हा त्या कुटुंबाचा राहण्याचा पुरावा आहे. नवा माणूस आला आणि दोन महिने पावती मिळाली नाही की त्या घरात एकच शंका येते : आपल्याला बाहेर काढायची तयारी चाललीय. आजोबांना झोप लागत नाही.

पावती देणं हा उपकार नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ३१ नुसार भाडं मिळताच लेखी पावती देणं घरमालकावर बंधनकारक आहे. पावतीपुस्तक बदलणार असाल तर मालकाचं नाव आणि भाडेकरूचं नाव जुन्या पावतीवर जसं होतं तसंच ठेवा. नाव वडिलांचं असेल आणि आता मुलगा राहत असेल, तर व्यवस्थापकानं स्वतःच्या मनानं नाव बदलू नये आणि खोडूही नये. तो निर्णय मालकानं वकिलाला विचारून घ्यावा.

याच पत्रात भाडेवाढही कळवून टाकावी का?

नको. दोन्ही गोष्टी एका कागदावर आल्या की भाडेकरूच्या मनात नवा माणूस म्हणजे भाडेवाढ, असं पक्कं बसतं. करारात वाढीची तारीख ठरलेली असेल तर ती तिच्या वेळी वेगळी कळवा.

नव्या व्यवस्थापकाला सगळी घरं आतून पाहायची आहेत. भाडेकरू नाही म्हणू शकतो का?

मालकाला घर पाहण्याचा अधिकार आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. कलम २८ तेच सांगतं. दुपारी दोनला, घरात एकटी बाई असताना, न सांगता बेल वाजवणं योग्य नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपलेला असतो, हेही ध्यानात ठेवा. भाडेकरूलाच वेळ विचारा. भिंतीवरची ओल, तुटलेली फरशी, मीटरचं रीडिंग यांचे फोटो भाडेकरूच्या समोर काढा आणि त्यालाही पाठवा. घरातल्या वस्तूंचे, माणसांचे फोटो काढू नका.

भाडेकरूंची कागदपत्रं आणि किल्ल्या जुन्या माणसाकडेच आहेत.

दुसऱ्या किल्ल्या मोजून, यादी करून परत घ्या. भाडेकरूला त्याच्या खर्चानं कुलूप बदलायचं असेल तर आडकाठी करू नका. भाडेकरूंच्या आधार कार्डांचे फोटो जुन्या माणसाच्या मोबाइलमध्ये पडून असतात, ते काढून टाकायला सांगा आणि तसं भाडेकरूंना कळवा. त्यांना हे ऐकून बरं वाटतं. ग्रुपचा ॲडमिनही त्याच दिवशी बदला.

पोलिसांना, सोसायटीला कळवायचं का?

सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी कळवा. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती देताना संपर्कासाठी जुन्या माणसाचा नंबर दिला असेल, तर तो बदलून घ्या.

मालकच वारले. वडिलांच्या नावानं काम पाहणारा माणूस अजून भाडं गोळा करतोय. भाडेकरूंना काय सांगायचं?

मालकाच्या निधनानंतर त्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीचा अधिकार संपतो. मुलं त्याला नव्यानं नेमू शकतात, पण तसं ठरवून सांगायला हवं. सर्व वारसांनी मिळून एकच पत्र द्यावं : भाडं कोणत्या खात्यावर, पावती कोण देणार, दुरुस्तीला कुणाला फोन करायचा. भावाभावांत वाटणीचा वाद असला तरी भाड्यापुरतं एक खातं ठरवा. थोरल्यानं एक पत्र पाठवायचं आणि धाकट्यानं दुसरं, यात भाडेकरू भरडला जातो.

आणि घरच विकलं तर?

मग नव्या मालकाचं नाव आणि अनामत कुणाकडे गेली, हे जुन्या आणि नव्या मालकानं मिळून लिहून द्यावं. विक्री झाल्याचं माहीत नसताना भाडेकरूनं जुन्या मालकाला भाडं दिलं असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ नुसार त्याला ते नव्या मालकाला पुन्हा द्यावं लागत नाही.

सगळं कळवलं, तरी भाडेकरू अजून जुन्याच माणसाला फोन करतात.

पहिले दोन महिने हे होणारच. जुन्या माणसाला एवढंच सांगा की त्यानं काम अंगावर घेऊ नये, नव्याचा नंबर द्यावा. पहिल्या महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास मालकानं स्वतः प्रत्येक भाडेकरूला एक फोन करावा. भाडं पोचल्याचं सांगावं, पावती मिळाली का, पाणी वेळेवर चढतंय का, हे विचारावं. कुणी जुन्याकडेच पैसे दिले असतील तर ते याच फोनवर कळेल. एका महिन्याची रक्कम असताना ती परत मिळवणं सोपं असतं.